एक्केचाळीस मुद्द्यांची डर्ट बाइक

बाजारात येऊन वर्ष न झालेली एकही वस्तू तपासनिसांनी आजवर घरात येऊ दिली नव्हती. यात हट्ट नव्हता, अनुभव होता. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, ते बावीस वर्षं लोकांच्या तक्रारी तपासत बसले होते. नवीन प्रकारचे मीटर बसवले की पहिलं वर्षभर तक्रारींचा ढीग. दुसऱ्या वर्षी कारखाना शहाणा होई आणि ढीग ओसरे. तोट्या बदलल्या, तेच. झडपा बदलल्या, तेच. म्हणून पंखा असो, मिक्सर असो की मोबाइल असो, तपासनिसांचं उत्तर ठरलेलं असे: "पहिलं वर्ष लोकांना वापरू दे. आपण नंतर बघू." राहत्या इमारतीतसुद्धा ते मुद्दाम वर्षभर उशिरा राहायला आले होते, म्हणजे कोणत्या भिंतीला ओल येते ते इतरांच्या घरी आधी कळावं. ओल नेमकी त्यांच्याच भिंतीला आली, कारण त्यांचं घर वर्षभर बंद होतं. पण एका भिंतीवरून सिद्धान्त मोडीत काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मग माझ्या बाबतीत कसे नाही थांबलात?" बायकोने एकदा विचारलं होतं.

"मी मागितलं होतं वर्ष. तुझे वडील म्हणाले, दुसरं स्थळ तयार आहे."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे पुढचे दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

अशा माणसाला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी डर्ट बाइक घ्यावीशी वाटली. डर्ट बाइक म्हणजे मातीतून, चिखलातून, उंचवट्यांवरून उडवायची मोटारसायकल. तिला नंबरप्लेट नसते, दिवा नसतो, आरसा नसतो. रस्त्यावर आणायला कायद्याने बंदी. चालवायची ती शहराबाहेरच्या क्लबच्या ट्रॅकवर, आणि तीही क्लबच्या सभासदांनी. त्या बाजूला एका गळक्या मीटरची पाहणी करायला तपासनीस गेले होते. कुंपणापलीकडे गुरगुर झाली म्हणून त्यांनी मान वर केली, तर एक गाडी जमिनीपासून पुरुषभर उंच, चक्क हवेत होती, आणि वर बसलेल्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तपासनीस मीटर विसरले. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एखादी पाहणी अर्धवट राहिली असेल, तर ती त्या दिवशी.

"मला एकदा तरी असं जमिनीवरून सुटायचंय," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

तिला आधी हसू आलं. मग तिने ते आवरलं, कारण या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवेना. "मग घ्या की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं ते क्लबच्या मास्तरांनी सांगितलं. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे गृहस्थ. चेहऱ्यावर सदैव वाळलेला चिखल आणि आवाज ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा, समोरचा हातभर अंतरावर असला तरी. "गाडी स्वतःची हवी, आणि नाव नोंदवताना इथे समोर उभी हवी! आणि पन्नास पूर्ण व्हायच्या आत नाव नोंदवायचं! पन्नाशीनंतर नवा सभासद विमावाले घेत नाहीत! आपलं वय?" तपासनिसांना पन्नासावं पूर्ण व्हायला नऊ महिने होते. त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं आणि मास्तरांनी ते सगळ्या ट्रॅकला सांगितलं.

मग मास्तरांनी त्यांना बसून बघायला सांगितलं. डर्ट बाइकची सीट उंच असते आणि तपासनिसांची उंची कार्यालयाच्या खिडकीमागे बसण्यापुरती होती. दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर चढवलं. चढले, पण दोन्ही पाय दोन बाजूंना लोंबत राहिले. गाडी धरली की ती पुढे जाईना आणि सोडली की तपासनीस खाली येत. तिसऱ्या वेळी ते खाली आले तेव्हा कुंपणाशी उभ्या असलेल्या कोणीतरी टाळी वाजवली. तपासनिसांनी पँट झटकली आणि आपण मुळात बसण्याची पद्धत तपासायलाच आलो होतो असा चेहरा केला.

"काही बिघडत नाही!" मास्तर ओरडले. "कंपनीने हीच गाडी नव्याने बनवलीय! सीट चार बोटं खाली आणलीय! पुढच्या महिन्यात येतेय! अगदी तुमच्या मापाची!"

'नव्याने बनवलीय' हे ऐकताच तपासनिसांनी गाडीवरचा हात काढून घेतला. जुन्या गाडीवर पाय टेकत नव्हते. नव्या गाडीवर टेकणार होते, पण तिचं ते पहिलं वर्ष. ते वर्ष जाऊ द्यावं तर आपली पन्नाशी उलटणार. घरी परत येताना हा हिशेब त्यांनी चारदा मांडला आणि चारही वेळा तो तसाच निघाला.

अशा वेळी शहाण्या माणसाने कोणाला विचारू नये. तपासनिसांनी सगळ्यांना विचारलं.

मेहुणा रविवारी हजर झाला. मेहुण्याला गाड्यांतलं सगळं कळतं. त्याची स्वतःची स्कूटर ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, पण त्याचा दोष तो पेट्रोलला देतो. "भाऊजी, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला. तपासनिसांचा जीव भांड्यात पडतोय तोच म्हणाला, "पण पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका. पहिल्या वर्षीची गाडी म्हणजे कंपनीचा गृहपाठ. तपासायला आपण!"

"अरे, मग घेऊ की नको?"

"मी काय म्हणालो? डोळे झाकून."

खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त बस निरीक्षक होते. गाडी पहिल्या वर्षी घ्यावी की नाही यात त्यांना रस नव्हता. "ठेवणार कुठे?" त्यांनी विचारलं. "पार्किंगच्या रजिस्टरात गाडीचा नंबर लिहावा लागतो. नंबर नाही म्हणजे ते वाहन नाही. वाहन नाही म्हणजे पार्किंग नाही. घरसामान असेल तर आपापल्या घरात ठेवा." आणि तपासनीस काही बोलायच्या आत त्यांनी हे एका कागदावर लिहून, सही करून, प्रत त्यांच्या हातात दिली.

शेवटी शेजारच्या टेबलवरच्या जावक कारकुनाने नाकावरचा चष्मा वर सरकवत वरकरणी निरुपद्रवी असा सल्ला दिला. "एवढी शंका असेल तर कंपनीलाच पत्र टाका ना. विचारा काय विचारायचंय ते."

इथे घात झाला.

तपासनिसांना खरोखर चार प्रश्नच विचारायचे होते. पण ज्या हाताने बावीस वर्षं फक्त तक्रारी हाताळल्या, त्या हाताला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. तक्रार फेटाळण्याची अकरा कारणं असतात: विषय संदिग्ध, पुरावा जोडलेला नाही, मुद्द्यांना क्रमांक नाहीत, अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे, वगैरे. ही अकराच्या अकरा कारणं वापरून तपासनिसांनी हजारो लोकांना घरी पाठवलं होतं. आता ते स्वतः लिहायला बसले ते एकही फट ठेवायची नाही या निश्चयाने. जेवणाचं टेबल मोकळं केलं, पट्टी घेऊन समास आखला, कंपनीचं माहितीपत्रक भिंगाखाली धरलं. 'मुद्दा क्र. ९: साखळीच्या आवरणात चिखल साचून मागील चाक अडकण्याची शक्यता.' 'मुद्दा क्र. २३: उभी करण्याचे स्टँड अरुंद असल्याने मऊ जमिनीत रुतून वाहन मालकाच्या पायावर कोसळण्याची शक्यता.' असे एक्केचाळीस मुद्दे झाले. दोन रविवार गेले. मान आखडली. पण पत्र असं उतरलं की ते स्वतः साहेब असते तरी त्यांना ते फेटाळता आलं नसतं.

बायकोने वाचलं. "हे प्रश्न आहेत की फिर्याद?"

"चौकशी आहे."

"मग शेवटी 'अन्यथा पुढील कार्यवाही करणे भाग पडेल' कशाला?"

"तसं लिहितातच," तपासनीस म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

कंपनीचं उत्तर तीन दिवसांत आलं. 'आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.' खाली सोळा आकडी क्रमांक. पुढच्याच आठवड्यात सकाळी दारात एक इंजिनीअर उभा. पायात बूट, पाठीवर अवजारांची पिशवी आणि हातात एक्केचाळीस मुद्द्यांची छापील प्रत.

"सर, गाडी कुठे आहे?"

"कुठली गाडी?"

"ज्या गाडीत एक्केचाळीस दोष आहेत ती."

"ती मी घेतलेली नाही."

इंजिनीअरने कागदाकडे पाहिलं, तपासनिसांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "सर, गाडी न घेता एक्केचाळीस, तर घेतल्यावर किती?"

तपासनिसांनी त्याला चहा दिला आणि पाऊण तास समजावलं. त्याने सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि खाली जाऊन सेक्रेटरींना विचारलं, वरच्या साहेबांनी गाडी कुठे लपवलीय? झालं. संध्याकाळी सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन वर आले. गॅलरी पाहिली, न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली बॅटरी मारली. काही सापडलं नाही याचा त्यांना जास्तच संशय आला. जाताना दारावर नोटीस चिकटवून गेले: 'विनापरवाना वाहन बाळगल्याबद्दल खुलासा करावा.' दुसऱ्यांना नोटिसा काढण्यात ज्याची उमर गेली त्याच्या दारावर नोटीस, आणि तीही दोन शुद्धलेखनाच्या चुकांसकट! तपासनिसांना जेवण गेलं नाही.

इकडे तो इंजिनीअर कामाचा पक्का निघाला. तक्रार नोंदवलेली आहे तर तपासणी झालीच पाहिजे, म्हणून तो थेट शोरूममध्ये गेला, नुकतीच येऊन मांडून ठेवलेली नवी गाडी मागच्या अंगणात ओल्या मातीत उभी केली आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली. मुद्दा क्रमांक नऊ खरा निघाला. तेवीसही खरा निघाला, आणि तो इंजिनीअरच्या डाव्या पायावर निघाला. एकूण तेरा मुद्दे खरे ठरले आणि उरलेल्यांबद्दल तो 'खात्रीने नाही म्हणता येत नाही' असं लिहून लंगडत निघून गेला. पंधरा दिवसांत कंपनीने जाहीर केलं की सुरक्षेच्या कारणास्तव नव्या डर्ट बाइकची विक्री सगळीकडे स्थगित करण्यात येत आहे.

ही बातमी तपासनिसांना शोरूमच्या विक्रेत्याने फोनवर सांगितली. बातमी ऐकून त्यांच्या मनात आधी काय आलं असेल, तर अभिमान. बावीस वर्षांत एवढा परिणामकारक अर्ज कोणी केला नव्हता. हा अभिमान सुमारे अर्धा मिनिट टिकला. मग गाडीच मिळणार नाही हे लक्षात आलं.

ते दुसऱ्याच दिवशी तक्रार मागे घ्यायला धावले. विक्रेता भला माणूस होता. त्याने कॉम्प्युटरवर तक्रार उघडली. "बंद करायची तर कारण टाकावं लागेल, साहेब. चारच आहेत. गाडी दुरुस्त झाली, बदलून मिळाली, विकली, चोरीला गेली."

"गाडी कधी घेतलीच नव्हती, हे कारण?"

"ते नाहीये. आजवर कोणी गाडी न घेता तक्रार केली नाही ना." त्याने आवाज खाली आणला. "चोरीला गेली टाकू का? पोलिसांचा दाखला लागेल फक्त."

न घेतलेली गाडी चोरीला गेल्याची फिर्याद देण्याइतके तपासनीस अजून घसरले नव्हते. त्यांनी सेक्रेटरींकडून 'सदर सदस्याकडे कोणतेही वाहन आढळले नाही' असा दाखला आणून जोडला. कंपनीचं उत्तर आलं: 'दाखला मिळाला. गाडी आढळत नसल्यास कृपया चोरीला गेल्याचे कारण निवडावे.' त्यांनी फोन केला, तर तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुमचा अर्ज इतका परिपूर्ण आहे की तो फेटाळायला आम्हाला काही कारणच मिळत नाही." तपासनिसांनी हात टेकले.

पाच महिने गेले. एक्केचाळीस मुद्द्यांवर कारखान्यात काम चालू होतं आणि जिन्याखालच्या खोलीत तपासनीस दिवस मोजत होते. एखादा माणूस गढूळ पाण्याची तक्रार घेऊन आला की ते पूर्वी 'नमुना जोडलेला नाही' म्हणत; आता मुकाट्याने नोंदवून घेत. मेहुणा येऊन सांगून गेला, "भाऊजी, मी म्हणालोच होतो." काय म्हणाला होता ते विचारायची ताकद तपासनिसांत उरली नव्हती. ज्या माणसाला एकदा जमिनीवरून सुटायचं होतं तो जमिनीकडे बघत चालू लागला, आणि बायकोला ते बघवत नव्हतं.

पन्नासाव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले असताना विक्रेत्याचा फोन आला. "साहेब, या! गाडी आली!"

बायको बरोबर निघाली. शोरूममध्ये लाल रंगाची ती गाडी उभी होती, रुंद स्टँडवर, न हलता. तपासनीस कोणाच्या मदतीशिवाय चढले. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. त्यांनी हँडल धरलं आणि बायकोकडे पाहिलं, आणि तिला एकदम भरून आलं.

"घेऊन टाका," ती म्हणाली.

"घेऊच," तपासनीस म्हणाले. "आता सगळे दोष गेले ना?"

"दोष?" विक्रेत्याची छाती फुगली. "साहेब, तुमच्या मुद्द्यांमुळे कंपनीने आधीचं काही ठेवलंच नाही. साखळी नवी, स्टँड नवं, चौकट नवी, इंजिनसुद्धा नवं. ती जुनी रद्दच केली. ही संपूर्ण नव्याने बनवलेली गाडी आहे. पहिलंच वर्ष!"

तपासनिसांच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. ते खाली उतरले. बायकोने त्यांचा दंड धरला. "अहो, आता नाही हं. आता काही बघायचं नाही."

"दोन दिवस विचार करतो," ते म्हणाले.

दोनाचे चार झाले, चाराचे दहा. रोज कार्यालय सुटल्यावर ते शोरूममध्ये जात, गाडीवर बसत, टाचा टेकवत, नव्या साखळीकडे बघत आणि घरी येत. नवं इंजिन कोणी वापरून पाहिलंय? कोणी नाही. नवी चौकट कोणाच्या वजनाने तपासली? ठाऊक नाही. सही करावी तर बावीस वर्षांचा अनुभव हात धरी आणि करू नये तर कॅलेंडर. बायकोने पहिले चार दिवस समजावलं, पुढचे तीन दिवस भांडली आणि मग ते घरी यायच्या आधीच जेवून घेऊ लागली. ते त्यांना सगळ्यात जड गेलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र ते कामावर गेलेच नाहीत. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, शोरूम उघडायच्या आधी दारात जाऊन उभे राहिले आणि आत शिरताच एक ओळही न वाचता सही केली. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता. एकदम मोकळं वाटलं. "आता लगेच क्लबवर पाठवा. दुपारी नाव नोंदवायचंय."

विक्रेता चाचरला. "साहेब, गाडी उद्या मिळेल. विकल्यावर चोवीस तास तपासणी झाल्याशिवाय बाहेर सोडायची नाही असा आता कंपनीचा नियम झालाय."

"हा कुठला नियम?"

"तुमचाच, साहेब. मुद्दा क्रमांक एक्केचाळीस."

दुसऱ्या दिवशी टेंपोतून गाडी क्लबच्या फाटकाशी पोहोचली तेव्हा तपासनीस पन्नास वर्षं पूर्ण झालेले गृहस्थ होते. मास्तरांनी गाडी पाहिली, खूश झाले, अर्ज पाहिला आणि त्यांचा आवाज प्रथमच खाली आला. "काल का नाही आलात हो?"

"काल गाडी तपासणीत होती."

"कोणाच्या डोक्यातून निघतात असली खुळं!" मास्तर म्हणाले. तपासनिसांनी अर्जाची घडी करून ती खिशात ठेवली.

घेतलेली गाडी कंपनी परत घेत नव्हती, कारण तिच्यात दोष नव्हता. विकायला त्यांचं मन होईना. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडून दाखवलं आणि बंद केलं. शेवटी चार हमालांनी ती जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि सोफा आणि टीव्ही यांच्या मध्ये, ओल आलेल्या भिंतीला समांतर, घरसामान म्हणून उभी केली. बायको तिच्यावरची धूळ पुसते. मेहुणा आला की वळसा घालून सोफ्यापर्यंत जातो आणि गाडी पहिल्या वर्षी का घेऊ नये ते सांगतो. टीव्हीवर बातम्या लागल्या की तपासनीस कधी कधी तिच्यावर जाऊन बसतात. टाचा व्यवस्थित टेकतात.

परवा फोन वाजला. त्याच गोड आवाजाच्या बाई. "सर, आपल्या गाडीला वर्ष पूर्ण झालं. पहिल्या वर्षात काही तक्रार?"

तपासनिसांनी गाडीकडे पाहिलं. साखळी कारखान्यातून आली तशी चकचकीत होती. चाकांवर मातीचा कण नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही? सर, ते एक्केचाळीस मुद्दे तुमचेच ना?"

"हो. माझेच."

"आणि वर्षभरात एकदाही काही बिघडलं नाही?"

"एकदाही नाही," तपासनीस म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून त्या स्वच्छ चाकांकडे बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोने ओले हात पदराला पुसले, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद करून टेबलावर ठेवला.